सुईण व प्रसविका-सेवा

गर्भिणीची गरोदरपणात देखरेख करणे, प्रसूतीच्या वेळी तिच्याजवळ राहून साहाय्य करणे आणि प्रसूतीनंतर माता व नवजात बालक या दोहोंची काळजी घेणे हे काम डॉक्टराऐवजी मुख्यत्वे सुईण किंवा शिक्षित प्रसविका आपल्या जबाबदारीवर करते, तेव्हा त्या व्यवस्थेस प्रसविका-सेवा असे म्हणतात. गुंतागुंत नसलेली नैसर्गिक प्रसूती हे या सेवेचे क्षेत्र होय. धोक्याची लक्षणे वेळीच ओळखून स्त्रीला रुग्णालयात पाठविणे हाही त्या कामाचाच भाग असतो. जगाच्या सर्व भागांत सुईणकाम प्राचीन काळापासून चालत आलेले आहे. तथापि कोणत्या स्त्रिया ही सेवा पसंत करतात व कोणत्या ती टाळतात, हे देश, काल व परिस्थिती यांनुसार बदलत गेलेले दिसते. ही निवड केवळ अज्ञान व रूढी यांवर अवलंबून असते, अशी समजूत शिक्षित वर्गात दीर्घकाळ होती. ती अपुरी आहे. प्रसूतीच्या वेळी स्त्रीला दोन गोष्टी हव्या असतात : ओळखीच्या, जाणत्या स्त्रीची सोबत आणि संकट ओढवल्यास तातडीचा उपचार. यांपैकी कोणती गोष्ट कोठे मिळेल आणि कोणत्या गोष्टीला मुकावे लागेल, याचा अंदाज घेऊनच बहुतेक कुटुंबे निर्णय घेतात.

संज्ञा व प्रकार : मराठीत सुईण व दाई हे दोन्ही शब्द रूढ आहेत. प्रसूतीच्या वेळी साहाय्य करणाऱ्या स्त्रियांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग पारंपरिक सुईणींचा. त्यांचे ज्ञान आईकडून किंवा सासूकडून आलेले व अनुभवाने वाढलेले असते. दुसरा वर्ग साहाय्यकारी परिचारिका-प्रसविकांचा. ठराविक मुदतीचे शिक्षण घेऊन व नोंदणी करून त्या शासकीय उपकेंद्रांत काम करतात. गावात त्यांना ‘नर्सबाई’ किंवा ‘सिस्टर’ म्हणतात. तिसरा वर्ग पूर्ण शिक्षित, स्वतंत्र जबाबदारी असलेल्या प्रसविकांचा. इंग्लंड, नेदर्लंड्स, स्वीडन इ. देशांत निरोगी गर्भिणीची सर्व देखरेख सामान्यतः याच करतात. भारतात हा वर्ग अगदी अलीकडे निर्माण होऊ लागला आहे. पहिल्या दोन वर्गांविषयीचा अनुभव तिसऱ्याला लागू करण्याची चूक सामान्य व्यवहारात वारंवार होते आणि प्रसविका-सेवा टाळण्यामागे हा संज्ञांचा गोंधळही काही अंशी असतो.

इतिहास : प्रसूतीची जागा निवडताना स्त्रियांचा अंदाज वैद्यकाच्याही पुढे असू शकतो, याचे प्रसिद्ध उदाहरण व्हिएन्ना येथील सार्वजनिक रुग्णालयात घडले. तेथे दोन प्रसूतिविभाग होते. पहिल्यात वैद्यकाचे विद्यार्थी व दुसऱ्यात सुईणकाम शिकणाऱ्या स्त्रिया काम करीत. दाखल होण्याच्या वारानुसार स्त्री कोणत्या विभागात जाणार हे ठरे. १८४० नंतरच्या काही वर्षांत पहिल्या विभागात सूतिकाज्वराने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण सु. १० टक्के, तर दुसऱ्यात ४ टक्क्यांच्या आत होते. शहरातील गरीब स्त्रियांना हा फरक ठाऊक होता व पहिल्या विभागात घालू नये म्हणून त्या विनवण्या करीत. तेथील वैद्य इग्नाझ झेमेलव्हाइस यांनी १८४७ मध्ये या फरकाचे कारण शोधून काढले. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतिगृहात येत व त्यांच्या हातांवाटे दोष संक्रमित होई. क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा नियम केल्यावर पहिल्या विभागातील मृत्यू झपाट्याने घटले.

हाच मुद्दा उलट बाजूनेही खरा ठरतो. सुईणीचे हात अस्वच्छ असल्यास घरची प्रसूतीही तितकीच घातक होते. त्यामुळे यूरोपीय देशांनी सुईणींना दूर न सारता त्यांचे शिक्षण व नोंदणी यांवर भर दिला. इंग्लंडमध्ये १९०२ साली सुईणींसंबंधीचा कायदा झाला. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मात्र विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रसूती डॉक्टरांच्या व रुग्णालयांच्या हाती गेली. केंटकीच्या डोंगराळ भागात मेरी ब्रेकिनरिज यांनी १९२५ मध्ये सुरू केलेली घोड्यावरून फिरणाऱ्या परिचारिका-प्रसविकांची सेवा हा तेथील उल्लेखनीय अपवाद होय.

भारतात आधुनिक प्रसूतिसेवेपुढील पहिला अडसर पुरुष डॉक्टरांकडून तपासून घेण्याचा संकोच हा होता. स्वतःचे पहिले मूल जन्मानंतर थोड्याच दिवसांत गमावलेल्या आनंदीबाई जोशी यांनी याच कारणाने स्त्रीडॉक्टरांची निकड प्रतिपादन केली. १८८६ मध्ये त्यांना फिलाडेल्फिया येथे वैद्यकाची पदवी मिळाली व त्यांच्या प्रबंधाचा विषय हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. भारतातील स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये डफरिन निधी स्थापन झाला व १८८६ मध्ये मुंबईत कामा रुग्णालय सुरू झाले. १९०३ मधील व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधीतून देशी सुईणींना शिकविण्याचे प्रयत्न झाले. पुण्यास रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली १९०९ मध्ये सुरू झालेल्या सेवासदन संस्थेने परिचारिकांच्या शिक्षणाला चालना दिली. त्या काळी हे काम उच्चवर्णीय समाजात हलके मानले जाई. हे सर्व प्रयत्न मुख्यतः शहरांपुरते राहिले. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात भारतात दर हजार जन्मांमागे सु. २० माता मृत्यू पावतात, असा अंदाज दिलेला आहे.

महाराष्ट्रातील पारंपरिक सुईण : ग्रामीण महाराष्ट्रात सुईण ही केवळ नाळ कापणारी स्त्री नव्हती. दिवस भरत आल्यावर पोट चाचपून बाळाची स्थिती सांगणे, कळा सुरू झाल्यावर गर्भिणीला फिरविणे, पाठीला व कमरेला चोळणे, तिला उकिडवे किंवा दोरीचा आधार देऊन बसविणे, वार पडल्याची खात्री करणे ही तिची कामे असत. पुढे काही दिवस बाळाला व बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ घालणे, बाजेखाली शेगडी ठेवून शेक देणे व धुरी करणे हीही तिचीच कामे. पाचवीच्या किंवा सहाव्या दिवसाच्या सटवाईच्या पूजेत तिला मान असे. मोबदला धान्य, लुगडे-चोळी, नारळ अशा रूपांत व ऐपतीप्रमाणे दिला जाई. प्रसूतीतील रक्तस्राव व सुवेर यांच्याशी विटाळाची कल्पना निगडित असल्याने पुष्कळ ठिकाणी नाळ कापण्याचे काम अस्पृश्य किंवा कनिष्ठ मानलेल्या जातींतील स्त्रियांवर सोपविलेले असे. ज्या स्त्रीवाचून प्रसंग निभावत नसे, तिला एरवी घरात प्रवेश नसे, ही या व्यवस्थेतील विसंगती होती.

सुईणीच्या ज्ञानाची मर्यादाही स्पष्ट होती. नाळ विळ्याने किंवा बांबूच्या धारदार कामटीने कापणे व तिच्यावर राख किंवा शेण लावणे या प्रथांमुळे नवजात बालकांना धनुर्वात होई. अडलेली प्रसूती, प्रसूत्युत्तर रक्तस्राव व गर्भारपणातील झटके यांवर तिच्याजवळ उपाय नव्हता. कळा येत असताना पोट दाबण्यासारख्या काही रीती तर प्रत्यक्ष अपायकारक होत्या. १९७० च्या दशकात सु. एक हजार लोकवस्तीमागे एक प्रशिक्षित दाई असावी, असे धोरण देशात स्वीकारले गेले. सुमारे तीस दिवसांच्या वर्गात दायांना स्वच्छ हात, स्वच्छ जागा, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा व स्वच्छ नाळ ही ‘पाच स्वच्छता’ शिकविली जाई आणि साहित्याची पेटी दिली जाई. गर्भिणींना धनुर्वातप्रतिबंधक लस टोचणे व ही स्वच्छता यांचा एकत्रित परिणाम मोठा झाला. माता व नवजात यांच्या धनुर्वाताचे भारतातून सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून उच्चाटन झाल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. मातामृत्यू मात्र केवळ दाईप्रशिक्षणाने फारसे घटले नाहीत, कारण रक्तस्राव किंवा अडलेले मूल यांवर स्वच्छतेचा इलाज चालत नाही. म्हणून १९९० च्या दशकाच्या अखेरीस जागतिक धोरण दाईकडून कुशल प्रसूतिसाहाय्यकाकडे वळले.

प्रसविका-सेवा निवडण्याची कारणे : स्त्रिया सुईण किंवा प्रसविका यांना का पसंत करतात, याची कारणे निरनिराळ्या समाजांत आश्चर्यकारक रीत्या सारखी आढळतात. त्यांतील प्रमुख कारण म्हणजे अखंड सोबत. रुग्णालयात स्त्रीची पाळी असेल त्याप्रमाणे माणसे बदलतात व पुष्कळ ठिकाणी नातेवाइकांना प्रसूतिकक्षात येऊ देत नाहीत. सुईण मात्र कळा सुरू झाल्यापासून वार पडेपर्यंत जागची हलत नाही. प्रसूतीच्या वेळी अखंड आधार देणारी व्यक्ती जवळ असल्यास प्रसूती काहीशी लवकर होते व शस्त्रक्रियेचे प्रमाण कमी होते, असे अनेक देशांतील चाचण्यांवरून सिद्ध झाले आहे. स्त्रियांच्या या जुन्या पसंतीला अशा प्रकारे शास्त्रीय दुजोरा मिळाला आहे.

दुसरे कारण लज्जा व मान हे होय. अनोळखी माणसांसमोर, विशेषतः पुरुषांसमोर, उघडे पडावे लागणे हे अनेक स्त्रियांना वेदनेहूनही असह्य वाटते. प्रसूतिकक्षात ओरडल्याबद्दल रागावणे, टाकून बोलणे, न विचारता तपासणी करणे अशा वागणुकीची तक्रार जगाच्या अनेक भागांतून पुढे आल्याने जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये आदरयुक्त मातृसेवेविषयी स्वतंत्र निवेदन प्रसिद्ध केले. पहिल्या बाळंतपणात अपमान सोसलेली स्त्री दुसऱ्या वेळी घर सोडण्यास तयार नसते व तिचा अनुभव तिच्या जावा-नणंदांपर्यंतही पोचतो.

तिसरे कारण शस्त्रक्रियेचे भय. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात खाजगी रुग्णालयांतील प्रसूतींपैकी सु. ४७ टक्के, तर शासकीय रुग्णालयांतील सु. १४ टक्के प्रसूती सिझेरियन शस्त्रक्रियेने झाल्या. महाराष्ट्रात सर्व प्रसूतींतील हे प्रमाण सु. २५ टक्के होते. शस्त्रक्रियेचे प्रमाण सु. १० टक्क्यांपलीकडे वाढल्याने लोकसंख्येच्या पातळीवर माता व बालके यांचे मृत्यू आणखी घटत असल्याचे आढळत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले आहे. मोलमजुरी करणाऱ्या स्त्रीच्या दृष्टीने पोट कापले जाणे म्हणजे काही महिने जड काम बंद होणे. शहरांतील शिक्षित स्त्रियांचा एक लहान वर्ग आता ज्या कारणाने प्रसविकेकडे वळू लागला आहे, त्याचे मूळही याच भयात आहे.

यांखेरीज खर्च, इतर मुलांना सांभाळण्याची अडचण, सोबत्याची बुडणारी मजुरी, शेक-न्हाण यांसारख्या बाळंतिणीच्या उपचारांना रुग्णालयात असणारा मज्जाव ही कारणेही आहेत. पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीचा संबंध अशाच सोबतीशी आहे. सासरी नोंदविलेली गर्भिणी आठव्या-नवव्या महिन्यात माहेरी गेली, की तेथील प्रसविकेला तिची पूर्वीची माहिती नसते. नव्या व्यवस्थेने ही रीत फारशी लक्षात घेतली नाही.

प्रसविका-सेवा टाळण्याची कारणे : ज्या घरात किंवा शेजारी एखादी स्त्री बाळंतपणात दगावली असेल, तेथील गर्भिणी व तिची सासू सहसा धोका पत्करीत नाहीत. रक्तस्रावाचे भय हे प्रसविका-सेवा टाळण्याचे सर्वांत प्रबळ व सयुक्तिक कारण होय. पूर्वी सिझेरियन झालेले असणे, जुळी मुले, बाळ पायाळू किंवा आडवे असणे, रक्तदाब वाढलेला असणे, तीव्र रक्तक्षय अशा अवस्थांत प्रसूती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावयास हवी. विदर्भाच्या पूर्व भागात दात्रपेशी विकार अर्थात सिकलसेल आढळतो. या विकाराच्या स्त्रीचे गर्भारपण जोखमीचे असल्याने रक्ताची तपासणी न झालेल्या गर्भिणीची प्रसूती घरी करणे धोक्याचे ठरते.

दुसरे कारण प्रतिष्ठेचे. डॉक्टर, सोनोग्राफी व रुग्णालयातील खाट ही चांगल्या काळजीची लक्षणे मानली जातात. परिचारिका ही डॉक्टराच्या हाताखालची समजली गेल्याने तिने एकटीने केलेली प्रसूती दुय्यम दर्जाची वाटते. शतकापूर्वी सुईणीला जातीमुळे मिळालेले कनिष्ठ स्थान आणि आज परिचारिकेला अधिकारश्रेणीमुळे मिळणारे दुय्यम स्थान यांत एक सातत्य आहे. ज्या देशांत प्रसविकेला स्वतंत्र अधिकार व डॉक्टरांच्या बरोबरीचा मान आहे, तेथे ही अडचण फारशी जाणवत नाही. भारतातून तेथे गेलेल्या कुटुंबांना मात्र, सर्व काही सुरळीत असता गर्भिणीला एकदाही प्रसूतितज्ञाकडे पाठविले जात नाही, हे प्रथम अनोळखी वाटते.

तिसरे कारण भरवशाचा अभाव. सपाट प्रदेशात पाच हजार व डोंगराळ किंवा आदिवासी प्रदेशात तीन हजार लोकवस्तीमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. तेथील परिचारिका-प्रसविकेवर लसीकरण, कुटुंबकल्याण, साथरोगांची माहिती व नोंदवह्या यांचाही भार असतो. ती त्याच गावी राहत नसेल, पद रिक्त असेल किंवा रात्री उपकेंद्र बंद असेल, तर तिच्या भरवशावर कोणी राहत नाही. कुटुंबनियोजनाची लक्ष्ये ठरवून देण्याची पद्धत १९९६ पर्यंत चालू होती. तोपर्यंत अनेक घरांत ‘नर्सबाई आली’ याचा अर्थ ‘शस्त्रक्रियेला चला म्हणणारी आली’ असा घेतला जाई. प्रसूतीसाठी जिच्यावर विश्वास टाकावयाचा, तिलाच लक्ष्यपूर्तीचे काम दिल्याने सेवेचे झालेले हे नुकसान नंतरच्या योजनांनीही सहजासहजी भरून आले नाही.

निर्णय बहुधा गर्भिणीचा नसतो, हेही ध्यानात घ्यावे लागते. सासू, पती, कधी गावातील वडीलधारी माणसे ठरवितात व गर्भिणी ते मान्य करते. त्यामुळे ‘स्त्रीची निवड’ असे ज्यास म्हटले जाते, ते पुष्कळदा कुटुंबातील सत्तेचे व घरातील पैशांचे गणित असते.

वनालगतच्या गावातील स्थिती : या कारणांचे परस्परसंबंध चोरखमाऱ्यासारख्या गावाच्या संदर्भात विशेष स्पष्ट होतात. चोरखमारा हे गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यातील, नागझिरा अभयारण्याच्या सीमेवरील गाव असून तेथील जलाशय व अभयारण्याचे प्रवेशद्वार यांमुळे ते परिचित आहे. नागझिऱ्यास १९७० मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला व २०१३ मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्रप्रकल्प घोषित झाला. हा प्रदेश पूर्वी भंडारा जिल्ह्यात होता. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा झाला. जिल्ह्यात गोंड, हलबा, पोवार, कुणबी, कोहळी इ. समाज राहतात. भात हे मुख्य पीक असून उन्हाळ्यात मोहफुले व तेंदूपाने गोळा करणे हे पूरक उत्पन्नाचे साधन आहे.

अशा वनालगतच्या गावात प्रसूतीचा निर्णय तीन टप्प्यांतील विलंबाशी निगडित असतो. पहिला विलंब घर सोडण्याचा निर्णय घेण्यात, दुसरा रुग्णालयापर्यंत पोहोचण्यात आणि तिसरा तेथे पोहोचल्यावर उपचार सुरू होण्यात होतो. जुलै-ऑगस्टमध्ये भाताच्या रोवणीच्या दिवसांत बाळंतपण आले, तर गर्भिणीबरोबर जाणाऱ्या स्त्रीची ऐन हंगामातील मजुरी बुडते. पावसात नाल्यांना पूर येतो व रात्री जंगलातील रस्त्याने वन्य पशूंच्या भयामुळे प्रवास टाळला जातो. प्रसूत्युत्तर रक्तस्रावावर उपचार न झाल्यास स्त्री सरासरी सु. दोन तासांत दगावू शकते. अडलेल्या प्रसूतीत दोन-तीन दिवसांचा, तर सूतिकाज्वरात सु. सहा दिवसांचा अवधी मिळू शकतो. म्हणजे अन्य संकटांत रुग्णालय दूर असले तरी वेळ हाती राहतो, रक्तस्रावात तो राहत नाही. वनालगतच्या गावात पहिले औषध देऊ शकणारी कुशल प्रसविका जवळ असणे व वाहन सज्ज असणे या दोन्ही गोष्टी म्हणूनच एकाच वेळी आवश्यक ठरतात. जिल्ह्यात स्त्रियांसाठी गोंदिया येथे बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय असून २०१६ मध्ये तेथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. तथापि शस्त्रक्रिया व रक्त यांची सोय शहरात असल्याने वनालगतच्या गर्भिणीच्या दृष्टीने अंतराचा प्रश्न उरतोच.

गोंदियालगतच्या गडचिरोली जिल्ह्यातील अनुभव या संदर्भात उद्बोधक आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘सर्च’ या संस्थेने ३९ गावांत गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले. घरच्या प्रसूतीला दाईबरोबर आरोग्यदूत हजर राही व नंतर नवजात बालकाची घरी जाऊन काळजी घेई. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, हे उपचार सुरू झाल्यावर तिसऱ्या वर्षी तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने नवजात मृत्यूंचे प्रमाण सु. ६२ टक्क्यांनी घटले. त्याच गावांतील पाहणीत, घरी प्रसूत होणाऱ्या स्त्रियांपैकी सु. १५ टक्के स्त्रियांना तातडीच्या प्रसूतिवैद्यकीय उपचाराची गरज पडू शकते, असेही आढळले. गावातील ओळखीची स्त्री पुष्कळ बालके वाचवू शकते. पण काही मातांसाठी रुग्णालयाला पर्याय नसतो, असा दुहेरी बोध यातून मिळतो.

शासकीय धोरण : महाराष्ट्रात आदिवासी भागांतील माता व बालके यांच्यासाठी १९९५ मध्ये नवसंजीवन योजना सुरू झाली. २००५ मध्ये केंद्र शासनाची जननी सुरक्षा योजना आली. रुग्णालयात प्रसूत होणाऱ्या पात्र स्त्रीला रोख साहाय्य व तिला तेथे नेण्यासाठी गावातील ‘आशा’ कार्यकर्ती अशी तिची रचना होती. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागासाठी ही रक्कम ७०० रुपये ठरविण्यात आली. २०११ पासून शासकीय संस्थांत प्रसूती, औषधे, आहार व वाहतूक विनामूल्य करण्यात आली. दुर्गम गावांतील गर्भिणीने प्रसूतीपूर्वी काही दिवस प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहावे म्हणून राज्यात ‘माहेरघर’ योजना सुरू करण्यात आली. अंतराच्या प्रश्नावर हे सरळ उत्तर असून तिच्या नावातच सोबतीच्या गरजेची जाणीव दिसते. घरी लहान मुले असलेल्या मजूर स्त्रीला असे आधी येऊन राहणे सोपे नसते, ही तिची मर्यादा होय.

या सर्वांचा परिणाम ठळक आहे. महाराष्ट्रात संस्थेत होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण १९९२–९३ मध्ये सु. ४४ टक्के होते, ते २०१९–२१ मध्ये सु. ९५ टक्के झाले. दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंची संख्या २००४–०६ मध्ये १३० होती, ती २०१८–२० मध्ये ३३ झाली. याच काळात भारतात ती २५४ वरून ९७ वर आली. या काळात घरची प्रसूती करणारी दाई मात्र मागे पडली. तिच्याकडील अपायकारक रीतींबरोबर अखंड सोबतीची तिची पद्धतही रुग्णालयाबाहेर राहिली.

ही उणीव भरून काढण्याच्या हेतूने केंद्र शासनाने २०१८ मध्ये प्रसविका-सेवेविषयी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. पात्र परिचारिकांना अठरा महिन्यांचे विशेष शिक्षण देऊन, मोठ्या रुग्णालयांच्या आवारात प्रसविकांनी चालविलेले स्वतंत्र कक्ष उभारावेत, असे त्यांत सुचविले आहे. तेलंगण राज्याने असे शिक्षण २०१७ मध्येच सुरू केले होते. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याच्या नावात प्रसविकेचा स्वतंत्र उल्लेख आला आहे.

पाश्चात्त्य देशांतील पुरावा अशा कक्षांना अनुकूल आहे, पण सशर्त आहे. एकाच प्रसविकेची किंवा प्रसविकांच्या लहान गटाची सलग देखरेख मिळालेल्या स्त्रियांत नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक व समाधानही अधिक असते, असे सतराहून अधिक हजार स्त्रियांवरील चाचण्यांतून दिसून आले. इंग्लंडमध्ये कमी जोखमीच्या सु. ६४,५०० स्त्रियांच्या २०११ मधील अभ्यासात, पूर्वी प्रसूत झालेल्या स्त्रियांच्या बाबतीत घरची नियोजित प्रसूती बालकास तितकीच सुरक्षित आढळली. पहिलटकरणींच्या बाबतीत मात्र बालकाला घरी धोका अधिक होता व त्यांच्यापैकी ३६ ते ४५ टक्के स्त्रियांना प्रसूतिमध्येच किंवा लगेच नंतर मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले. जेथे रुग्णवाहिका काही मिनिटांत येते, तेथील हा निष्कर्ष आहे. त्यावरून जंगलालगतच्या गावातील घरच्या प्रसूतीचे समर्थन करता येत नाही. मात्र रुग्णालयाच्या आवारातील प्रसविका-कक्षाचे समर्थन निश्चितपणे करता येते.

पारंपरिक सुईणीने सोबत दिली, पण संकटातून सोडविण्याचे साधन तिच्याजवळ नव्हते. रुग्णालयाने ते साधन दिले, पण सोबतीला बहुधा दारातच थांबविले. स्त्रिया व त्यांची कुटुंबे या दोहोंपैकी एकाची निवड करीत आली, कारण दोन्ही गोष्टी एका ठिकाणी क्वचितच उपलब्ध होत्या. शिक्षित प्रसविकेकडून अपेक्षा आहे ती या दोहोंची सांगड घालण्याची. ती अपेक्षा किती पुरी होते, हे प्रसविकेला मिळणारा अधिकार व मान, तिच्यावरील इतर कामांचा भार आणि तिच्या कक्षापासून शस्त्रक्रियागृहाचे व गर्भिणीच्या घराचे अंतर यांवर अवलंबून राहील.